पखवाजावर कोण होतं

बुवा, आमच्या बँडचा इतिहास लिहिला जातोय. हसू नका. पुण्याची एक मुलगी पुस्तकासाठी दर रविवारी सकाळी फोन करते आणि विचारते, काका, कोण कधी आलं, कोण कधी सोडून गेलं. मी कसाल गावातल्या माझ्या दुकानात बसून आठवत राहतो. गिटारवाले पाच झाले. एक बोटीवर नोकरीला गेला, एकाला सासऱ्याने कणकवलीत मेडिकल काढून दिलं, एक नुसताच रुसला. गाणारे तीन. पहिल्यापासून शेवटपर्यंत टिकलेला मीच, आणि तेही दुसरीकडे कोणी घेतलं नाही म्हणून.

पंक रॉक म्हणजे काय ते आम्हाला तरी कुठे धड ठाऊक होतं! गोव्याहून आलेली एक कॅसेट, तीन सूर आणि भरपूर राग, एवढंच भांडवल. तुमच्या खळ्यात आम्ही धडपडायचो आणि तुम्ही ओसरीवरून ओरडायचात, "रे, ताल पळता खंय आणि तुमी रवतास खंय! देवाक गाराणा घालूक पण ताल लागता, नुसती बोंब नको." त्या शिवीतूनच आमचं पहिलं गाणं निघालं. देवळात गाऱ्हाणं घालतात तसं एकाने पुढे सांगायचं, बाकीच्यांनी ओरडायचं.

कॉलेजच्या गॅदरिंगला दोन दिवस उरले आणि आमचा ड्रमवाला मुंबईला नोकरीवर रुजू झाला. मी तोंड पाडून तुमच्याकडे आलो. तुम्ही पखवाजाला कणीक लावत होतात. मान वर न करता म्हणालात, "मी येतंय. घाबरतास कित्याक?" आणि खरंच आलात, धोतर नेसून, डबलबारीच्या भजनाला बसता तसे मांडी घालून स्टेजवर बसलात. अजून दिसताय मला. गाणारा ओरडतो, "बा देवा म्हाराजा, कॉलेजात पाणी नाय, म्हाराजा!" आम्ही तोंड उघडायच्या आत सगळा हॉल म्हणतो, "व्हय म्हाराजा!" मागच्या रांगेतले पालक हात जोडून उभे राहतात. शिपाई चपला काढतो. लोकांना ते खरंच गाऱ्हाणं वाटलं हो! तुम्ही लय वाढवत नेताय, आमची बोटं पुरत नाहीत, आणि तुम्ही गालातल्या गालात हसताय. तसं पुन्हा कधी वाजलं नाही आमच्याकडून.

आठवड्याभरात बोभाटा झाला. देवाच्या गाऱ्हाण्याची मस्करी केली म्हणून देवस्थान कमिटीने तुम्हाला देवळातल्या हरिनाम सप्ताहात बसू नका असं सांगितलं. वीस वर्षं तिथे तुमचा पखवाज वाजत होता. गाणं आमचं, शब्द माझे, आणि शिक्षा तुम्हाला. मी कमिटीला सांगायला निघालो होतो, बुवा, शपथ. आधी तुमच्याकडे आलो, तर तुम्ही म्हणालात, "गप रव. तुका ह्याच गावात रवाचा आसा. पखवाज काय, घरात पण वाजता." मी गप्प राहिलो. तुमचा शब्द पाळला असं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. मला तेच ऐकायचं होतं. तुम्ही गेलात तोवर दर वर्षी एक असे आठ सप्ताह झाले, आणि एकालाही तुम्हाला कोणी बोलावलं नाही.

मग आम्ही दुसरा ड्रमवाला आणला आणि विचारेल त्याला मुंबईला गेलेल्यानंतर थेट तोच आला असं सांगत राहिलो. पंक बँडमध्ये धोतरवाला बुवा होता म्हणायची लाज वाटायची. या रविवारी मात्र मी त्या मुलीला तुमचं नाव दिलं. ती एवढी खूश झाली की मला भरून आलं. म्हणाली, "काका, हे तर सगळ्यात भारी! मग त्यांनी बँड का सोडला?"

गेल्या वर्षीपासून मी त्याच देवस्थान कमिटीवर आहे. ज्यांनी तुम्हाला उठवलं त्यांतले दोघे माझ्या शेजारी बसतात, चांगली माणसं आहेत, माझ्या मुलीच्या लग्नात राबली. पुस्तक छापलं की पहिली प्रत तेच मागणार.

"वय झालं होतं गं त्यांचं," मी म्हटलं. तिने लिहून घेतलं.

तेव्हा तुम्ही अठ्ठेचाळीस वर्षांचे होतात, बुवा. मी आज एक्कावन्नचा आहे, आणि अजून घाबरतो.