शाळेच्या भिंतीवर बसलेली देवी

वाणगावपलीकडचा पाडा,
भातकापणीचे दिवस, २०१७

आमचे मेहुणे काकड्या यांस सुक्याचा रामराम. हिरवा देव तुझ्या घराला सांभाळून असो. गुडघा कसा आहे? माझ्या गुडघ्याचं विचारू नकोस, सध्या छातीतच धडधडतंय. (डॉक्टर म्हणतात काही नाही. त्यांना शाळेच्या भिंतीवरच्या लग्नचौकाचं काय माहीत!)

आमच्या शाळेत मिथुन गुरुजी आलेत. जव्हारकडचे, चष्मेवाले, आपल्यातलेच. असा मास्तर मी पाहिला नाही. आपली बोली बोललो म्हणून मार खाऊन मी चौथीत शाळा सोडली. हे त्याच बोलीत गोष्टी सांगतात आणि म्हाताऱ्यांना खुर्ची देऊन तारपा वाजवायला लावतात. (मीही वाजवला. दम लागला, पण पोरं नाचली.) मग त्यांनी रूपी धवलेरीला, जिने तुझं लग्न लावलं तिला, भिंतीवर लग्नचौक काढायला बोलावलं. तिने तांदळाच्या पिठाने चौकट काढली, पोरांना गाणी शिकवली, पण मधली जागा कोरी ठेवली. पालघट देवी लग्न असेल तरच तिथे बसते, म्हणाली. गुरुजींनी तोच धडा केला आणि जागा कोरीच राहू दिली. (चारोटीच्या एका हॉटेलात देवीखाली थाळीचे भाव लिहिलेत. त्यांचं ते जाणोत.)

पण माझी नात चिमी! जेवणाच्या सुट्टीत तिने देवी काढली. सुरेख काढली, हीच पंचाईत. देवी आली आणि लग्नच नाही, म्हणजे पोरीवर कोपणार. रूपीकडे धावलो. तिने बिडी विझवली आणि म्हणाली, "देवी आली तर लग्न लावा. मला काय विचारतोस?" गुरुजी हसतील असं वाटलं होतं. ते माझ्यासमोर जमिनीवर बसले. "बाबा, चिमीला काही होऊ देणार नाही. रूपीआजी सांगेल ते करू." काकड्या, पगारी माणूस आपलं इतकं ऐकून घेतो का कधी?

तरी माझी झोप उडालीच आहे. घरच्या सगळ्यांना विचारलं म्हणून सांग. भात आटोपलं की ये.

तुझा
सुक्या

ता. क. गुरुजी बिनलग्नाचे आहेत. तुझी प्राजक्ताही. पोरीला विचारून कळव. चिमीच्या काळजीने लिहितो आहे, दुसरा हेतू नाही.

आणखी एक. चौकाच्या कोपऱ्यात घोड्यावर नवरानवरी असतात. चिमीने घोड्याऐवजी स्कुटी काढली आहे. नवरी चालवते आणि चष्मेवाला नवरा मागे बसलाय. आपल्या नात्यात स्कुटी एकट्या प्राजक्ताची. चिमीला दरडावलं, तर म्हणते, गुरुजी दर सोमवारी विचारतात, काल प्राजक्ताआत्या आली होती का. रूपी म्हणाली तर सगळी भिंत पुसायला गुरुजी तयार आहेत. तेवढा कोपरा सोडून.