हवेत राहिलेला हात

प्रिय जावईबापू,

सोमवारी तुम्ही त्या नव्या इमारतीच्या काचा धुवायला दोरावरून उतरणार आहात. मी म्हणतो, उतरू नका. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे सासऱ्याची गाडी कुठे चाललीय याचा अंदाज बांधत बसायला नको. तोंडानेच सांगायला काल तुमच्या दारापर्यंत आलो होतो. लेकीने चहा टाकला, बाळासाठी विणलेली टोपी दाखवली, आणि मी टोपीचं कौतुक करून माघारी फिरलो. तिच्यासमोर बोलवेना. तुम्ही एकटे सापडत नाही, आणि सापडलात की सगळं हसण्यावारी नेता.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या आपल्या खोलीत तुम्ही पहिल्यांदा आलात ते कुंग फूच्या लाथा शिकायला. मी उभं केलं चिकटत्या हातांच्या सरावाला. समोरासमोर राहायचं, मनगटाला मनगट लावायचं, डोळे मिटून हात गोल फिरवत राहायचं आणि समोरचा कुठे निघालाय ते नुसत्या कातडीने ओळखायचं. तुम्ही म्हणालात, बाबा, हे हात कुरवाळणं झालं, मारायचं कधी? सगळी खोली हसली, मीही हसलो. मला तरी ही विद्या कुणी समोर बसवून कुठे दिली होती? पुस्तकातली चित्रं बघत मी वर्षानुवर्षं लाकडी खांबाशी झुंजलो. सुतार माणूस, खांब घरचाच. त्या खांबाने माझी एक चूक कधी दाखवली नाही, त्यामुळे मी स्वतःला मोठा पैलवान समजत होतो. मग जहाजावरून उतरलेल्या एका म्हाताऱ्या स्वयंपाक्याने माझ्या मनगटावर मनगट ठेवलं आणि मला उभ्या उभ्या भिंतीला नेऊन टेकवलं. तेव्हा उमगलं, अरे, हे तर आमच्या मोठ्या करवतीसारखंच आहे. दोघांनी दोन टोकं धरायची. पलीकडचा दमला, चिडला, त्याचं लक्ष उडालं, की ते पात्यातून आपल्या हाताला कळतं. विचारावं लागत नाही.

तुमचा हात मला तसाच कळत आला. लेकीशी भांडून आलात की तुमचं कोपर वर चढायचं. बाळाची बातमी कळली त्या दिवशी तर तुम्ही मला ढकलेनात, जणू म्हातारा काचेचा झाला होता. सासऱ्याने जावयाशी जे बोलायचं नसतं, ते आपलं मनगटांनीच बोलून झालंय.

आणि आता हे असं. महिन्याभरात तुमचा डावा हात मऊ पडला. आपल्यासोबत सराव करणाऱ्या शिंपीणबाई म्हणाल्या, दगडाचं लोणी झालं हो शेवटी. तुम्ही लाजलात. आपल्याकडे याहून मोठी शाबासकी नाही, हात मऊ व्हायला लोकांची उमर जाते. दुसऱ्या कुठल्या तालमीत कुणीतरी विचारलं असतं, हाताला काय झालं म्हणून. आपल्या खोलीत टाळ्या पडल्या. मला मात्र खुपत राहिलं. शिकून मऊ झालेला हात माझ्या मागे येतो, मी सरकलो की तोही सरकतो. तुमचा येत नव्हता.

गुरुवारी हात फिरवता फिरवता मी माझं मनगट तुमच्या डाव्या हातापासून हळूच काढून घेतलं. तुमचे डोळे मिटलेले. तुमचा हात तिथेच हवेत गोल फिरत राहिला. मी तिथून गेलोय हे त्याला कळलंच नाही. मग खिशातली गार किल्ली मी त्या मनगटावर टेकवली. तुमच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच. खोकल्याचं निमित्त करून मी सराव थांबवला. जिन्यात विचारलं तर म्हणालात, झोपेत हात अंगाखाली आला असेल, बाबा, तुम्ही राईचा पर्वत करता. आणि हे म्हणताना शर्टाचं बटण उजव्या हाताने लावत होतात, तेही धडपडत. जावईबापू, तुम्ही डावरे आहात.

वर लटकल्यावर दोर किती सरकतोय हे ज्या बोटांना कळायला हवं, तीच ही बोटं. दुसरा दोर असतो, असं तुम्ही म्हणाल. असतो ना, पण त्याचा आकडाही तुम्ही त्याच हाताने अडकवता, मान दुसरीकडे वळवून, बोटांच्या भरवशावर. गुरुवारी डोळे मिटून तुम्हाला वाटलं की मी आहे. तसंच वर वाटेल की दोर आहे.

म्हणून आज सकाळी मी तुमच्या मुकादमाला भेटलो आणि किल्लीचं सगळं सांगून आलो. डॉक्टर काय म्हणतात ते कळेपर्यंत तो तुम्हाला दोराला हात लावू देणार नाही. टोळीचं पुढारपण सध्या दुसऱ्याकडे जाईल, हेही त्याने सांगितलं. तुम्ही त्यासाठी किती घाम गाळलात ते मला माहीत आहे. निघताना तो म्हणाला, काका, जावई पुन्हा तोंड बघेल का तुमचं? मी म्हटलं, नाही बघितलं तरी चालेल, जावई असला पाहिजे. सोमवारी चारचौघांत त्याच्याकडून कळण्याआधी तुम्हाला हे माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. लेकीला मी काही बोललो नाही. ते तुम्ही सांगा, आजच. नसांच्या डॉक्टरांकडे सोमवारी सकाळची वेळ घेतली आहे. मी तुमच्या घराखाली रस्त्यावर उभा असेन. वाटेत माझ्याशी एक शब्द बोलू नका हवं तर, पण चला.

तुमचाच,
तुमच्या कामात पाचर मारणारा सासरा