विहीर साधनाच्या नावे

मी, बनाबाई कोंडिबा ढेबे, वय ७२, राहणार किकवी, ता. भोर, जि. पुणे, हे मृत्युपत्र पुऱ्या शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली न येता सांगते आहे. डॉक्टरांनी दोन महिने सांगितलेत, म्हणून घाई. लिहून घेते आहे अंगणवाडीची सुलक्षणा.

१. हायवेलगतची आमची जमीन बिल्डरला गेली. तिथे अठ्ठेचाळीस फ्लॅट झाले. पुण्याला नोकरीला जाणारी माणसे आली, सकाळी एसटीत उभे राहायला जागा मिळेना. जमीन विकताना मुलगी साधना हिची हक्कसोडपत्रावर सही मीच घेतली. "भावाचं घर ते तुजंच की," असे म्हणाले. मी खोटे बोलले. आज ती तिथेच भाड्याच्या खोलीत राहते आणि रोज दवाखान्यात आयाच्या कामाला जाते.

२. चार वर्षांत तिथले बोअर आटले. लोक कुलपे लावून परत गेले. आता अकरा घरांत दिवा लागतो, आणि ती अकरा घरे माझ्या विहिरीच्या पाण्यावर आहेत. विहीर व भोवतालचे दोन गुंठे माझ्या एकटीच्या नावावर आहेत. ते साधनाला द्यावेत. तिने पाणी विकू नये, कोणाला अडवूही नये.

३. राहते घर, दोन म्हशी व टेम्पो मुलगा सिद्धनाथ याला. होळीच्या आधी पेन्शनचा कागद म्हणून त्याने कोऱ्या कागदावर माझा अंगठा घेतला. तो कागद कुठेही निघाला तरी फसवून घेतलेला समजावा. पोटच्या पोराबद्दल हे सांगताना जीभ रेटत नाही.

४. माझी चांदीची कडी सून वर्षाराणी हिला. कागद कोरा होता हे तिनेच मला सांगितले आणि त्यापायी नवऱ्याचा मार खाल्ला. तिला माहेर उरलेले नाही. साधनाने तिला आपल्या खोलीत घ्यावे.

५. इथवर लिहून झाले आणि सिद्धनाथ दारात आला. सुलक्षणा थांबली. मी म्हणाले, लिही.

"आये, त्या भाडोत्र्यांसाठी मला तोडतीस व्हय?"

"तुजी भन बी हाय त्यात."

"टँकरवाल्याला शबुद दिलाय म्या. उद्या हिरीवर मोटर बसवायला येत्यात."

तो गेल्यावर सुलक्षणा व शेजारी भिमा यांच्याकडून खाट उचलवून विहिरीपाशी आणली. उरलेला मजकूर इथे सांगते आहे. मला इथून कोणी हलवलेच, तर मी माझ्या मर्जीने उठले असे कोणी समजू नये.

मजकूर वाचून घेतला, बरोबर आहे.

बनाबाई कोंडिबा ढेबे, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार:
१. सुलक्षणा अशोक गायकवाड (सही)
२. भिमा गेनू मरळ (सही)

किकवी, विहिरीजवळ
७ एप्रिल २०२५