सासूबाईंची टाळी

चि. भाऊजी यांस,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. तुमची तब्येत ठणठणीत असणार, कारण आजारी पडायलाही फुरसत नाही असं तुम्हीच मागे कळवलं होतंत. इकडे सगळे बरे आहेत. तुमचे भाऊ गुडघ्याला तेल चोळतात आणि घरातल्या प्रत्येक अडचणीला 'बघू' म्हणतात. बाबांचं वयाच्या मानाने छान चाललंय. कानाचं यंत्र लावलं की त्यांना नीट ऐकू येतं, फक्त ते लावायची आठवण यंत्र नसताना करून द्यावी लागते, म्हणजे सगळ्या जिन्याला कळते. फोन तुम्ही उचलत नाही आणि मेसेजला नुसता अंगठा पाठवता (पूर्वी सही न येणारी माणसं अंगठा द्यायची, तुम्ही तर दोन पदव्या घेतल्यात), म्हणून हे पत्र लिहायला बसले.

तर झालं असं, की बाबांना आईंना बघायचं होतं. भिंतीवरचा फोटो ओळखपत्रावरून मोठा केलेला, त्यात त्या पोलिसांनी धरून आणल्यासारख्या दिसतात. बाबा म्हणाले, धाकट्याने तिचं एवढं शूटिंग केलंय, ते लावा की टीव्हीवर. तुमचे भाऊ 'बघू' म्हणाले, म्हणजे काम माझ्याकडे आलं. तुम्हाला आठवत असेल, मी माझ्या मोबाइलवर आईंना टिपत होते, तर तुम्ही म्हणालात, वहिनी, ही काय चेष्टा लावलीय, मी आईवर फिल्म करतोय, रॉमध्ये म्हणजे कच्चं घेतोय, रंग मागाहून हवे तसे भरता येतात. मागाहून म्हणजे कधी, हे तेव्हा विचारायला हवं होतं. मी मुकाट्याने मोबाइल खाली ठेवला. त्यामुळे आज आईंचं हलतं-बोलतं असं जे काही आहे ते तुमच्या हार्ड डिस्कमध्ये आहे, आणि ती हार्ड डिस्क तुम्ही जाताना कपाटात, बिघडलेल्या इस्त्रीच्या खाली ठेवून गेलात.

टीव्हीने तिला ओळखसुद्धा दाखवली नाही. कॉम्प्युटरने दाखवली, पण अशी की एकेका फोल्डरमध्ये नुसते फोटो, हजारांनी. आई खुर्चीवर बसतात, एवढ्याशा गोष्टीचे इतके फोटो, की शेवटच्या फोटोपर्यंत पोचता पोचता माझीच पाठ धरली. (व्हिडिओ म्हणजे फोटोंची रांगच असते, हे मला माहीत आहे. पण ती आपल्या आपण पुढे सरकावी, एवढी माझी माफक अपेक्षा होती.) मग हे सगळं टीव्हीला पचेल अशा साध्या फॉरमॅटमध्ये बदलून देणारा एक प्रोग्रॅम मिळाला, तोही फुकट. पहिल्या खेपेला आई घरभर अशा धावत सुटल्या की चादरीची घडी निमिषात झाली. हयातीत त्यांनी कुठलं काम इतक्या झटपट केलेलं मी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला वेग बरोबर आला, पण फुकटचा प्रोग्रॅम असल्याने त्यांच्या तोंडावर आडव्या अक्षरांत 'नमुना प्रत' असा शिक्का आला. तुमचे भाऊ हसले, मग एकदम उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

शेवटी विकतचा प्रोग्रॅम घेतला. शिक्का गेला, पण सगळं चित्र राखाडी, जुनं फडकं धुवून वाळत घातल्यासारखं. बाबा टक लावून बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, अगं, ही तर तेव्हापासूनच आजारी होती, मला कसं दिसलं नाही? त्या दिवशी ते जेवले नाहीत. भाऊजी, तुमच्या त्या मागाहून भरायच्या रंगांपायी माझ्या सासऱ्यांनी दोन दिवस स्वतःला गुन्हेगार ठरवलं. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने सांगितलं की असल्या फाइली अशाच फिकट असतात, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. मग आईंचा हिरवा स्वेटर समोर खुर्चीवर ठेवला आणि त्याच्याशी ताडून ताडून मी रंग भरले. गालांना जरा जास्तच लाली आली, पण राहू दिली.

मग सगळे टीव्हीसमोर बसलो. आई आल्या, कॅमेऱ्याकडे बघून एक टाळी वाजवली (तुम्ही दरवेळी त्यांना वाजवायला लावायचात, आणि त्या तोंड वाकडं करून वाजवायच्या), आणि बोलायला लागल्या. आवाज नाही. दुसरी फाइल लावली, टाळी, आवाज नाही. सगळ्या तशाच. दुरुस्तीवाला म्हणतो, तुमचा कॅमेरा आवाज घेतच नव्हता, तो वेगळ्या रेकॉर्डरवर जायचा आणि टाळी होती ती दोन्ही जुळवायला. म्हणजे आईंची टाळी माझ्याकडे आणि टाळीचा आवाज तुमच्याकडे. वाटणी छान केलीत.

बाबांनी मात्र चकार शब्दाने तक्रार केली नाही. उलट धाकट्याने काय सुंदर काम केलंय, असं शेजारपाजारी सांगत असतात. तेव्हा तुम्ही निवांत असा. वहिनीने पत्र लिहिलं म्हणजे काहीतरी मागणार, असं मनात आलं असेल, तर तसं काही नाही. कामात जिवाला जपा.

तुमची,
वहिनी

ता. क. केसाळ टोपीच्या माइकवाला तो छोटा रेकॉर्डर तुम्ही जाताना नेलात. कुठे पडला असेल तिथून शोधा आणि त्यात जे असेल ते जसंच्या तसं पाठवा. काही सुधारू नका.

पुन्हा ता. क. बाबा तक्रार का करत नाहीत, ते लिहायचं राहिलं, म्हणजे लिहवलं नाही. आईंनी टाळी वाजवली की त्यांचा हात कानाकडे जातो आणि ते यंत्राचा आवाज वाढवतात. आता वाढवायला जागा उरलेली नाही. आपले कान पार गेले, असं त्यांनी ठरवून टाकलंय. धाकट्याच्या कामात आवाज नसेल, हे त्यांच्या मनालाही शिवत नाही. मी सांगितलेलं नाही.

आणखी एक. तो आवाज तुमच्या हातून पुसला गेला असेल, तर मला खरं कळवू नका. बाबांना लिहा की पाठवलाय, आणि अगदी स्पष्ट आलाय. मी टीव्ही लावीन आणि शेजारी बसून ऐकू येत असल्यासारखी मान हलवीन. कानांवरचा राग ते गिळतील, तुमच्यावरचा त्यांना गिळवणार नाही. यंत्राच्या नव्या बॅटऱ्या मी आणून ठेवल्या आहेत.