तपासणीच्या सकाळचं तेल

आई, आज तुझ्याशी भांडायला बसले आहे. तू जाऊन किती पावसाळे झाले, तरी फिटच्या तपासणीची तारीख आली की मला आधी तूच आठवतेस. गोळी कमी करता येईल का ते डॉक्टर उद्या बघणार आहेत. दुपारी केस दोनदा धुतले, कोरडे केले, आणि फळीवर तेलाची बाटली दिसली तसा राग मस्तकात गेला.

मी तेव्हा तेरा वर्षांची. मुळगावच्या शाळेत दोनदा पडले, तोंडाला फेस आला. पणजीच्या डॉक्टरांनी तुला नीट समजावलं होतं: डोक्याला तारा चिकटवून मेंदूचा आलेख काढायचा, केस धुवून आणा, तेल अजिबात नको. तू मान डोलावलीस. आदल्या संध्याकाळी शिकेकाईने न्हाऊही घातलंस. आणि सकाळी निघायच्या आधी मला पाटावर बसवून ओंजळभर खोबरेल थापलंस, कानामागून ओघळ येईपर्यंत. "आई, तेल नको सांगितलंय," मी म्हटलं. "ओगी राव," तू मला गप्प केलंस. "चेडवान सुक्या माथ्यान भायर सरूं नये." मुलीने म्हणे कोरड्या डोक्याने बाहेर पडू नये!

तिथे तारा चिकटेनात. तपासणीच्या बाई वैतागल्या, तर तू तोंडाला पदर लावून म्हणतेस, "आमी गांवठी मनशां, बाय, आमकां कितें कळटा?" बांगड्याचे कल्ले उचलून बघून मासेवालीला गप्प करणारी तू! परतताना डिचोलीच्या स्टँडवर मला पातळभाजी आणि उंडो पाव खाऊ घातलास, कधी नव्हे ते. घरी बाबांना सांगितलंस, "कागदार कांय येवंक ना. आतां चेडवाचें लग्न जातलें." आता माझं लग्न अडणार नव्हतं; पुढच्या तारखेला आपण गेलोच नाही.

त्याच वर्षी मला चुलीपाशी फिट आली आणि हात निखाऱ्यांत गेला. अंगावर पेज सांडली, असं तू गावभर सांगितलंस. तो डावा हात अजून मनगटात पुरता वळत नाही. तुला माझं लग्न दिसलं, हात दिसला नाही.

लग्न झालंच, सर्वणला. पहिल्याच चतुर्थीला मी सासरी गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या माटोळीखाली पडले. नवऱ्याने एका शब्दाने न विचारता तपासणीला नेलं. काही दुखलं नाही, आई. डोळे मिटा, उघडा म्हणाले, जोरात श्वास घ्यायला लावला, समोर दिवा लुकलुकला, झालं. गोळ्या सुरू झाल्या आणि मी पडायची थांबले. एवढंच होतं. एवढ्याला भिऊन तू माझा हात जाळलास, असंच मी म्हणणार.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी रांधपघरात हळूच विचारलं, "तुज्या आवयक खबर आसलें?" तुला, माझ्या आईला, हे ठाऊक होतं का, असं. माझा भाजलेला हात पिठात होता. मी म्हटलं, "ना."

हे पत्र तुला कुठे पाठवू? घडी करून कपाटात ठेवते. पण सासूबाईंनी आज पुन्हा विचारलं असतं, तरी मी "ना"च म्हटलं असतं.