हारूनचा पहिला फोन

१८ फेब्रुवारी २००१, रविवार

सांगितलं नाही. अजून नाही.

दुपारी मी जेवायला घरी आले होते. सकिना खालच्या दुकानात लबन, म्हणजे इथलं अरबी ताक, आणायला गेलेली, आणि नेमका तेव्हाच फोन. पुरुषाचा आवाज. "मैं हारून. सकिना का भाई. जावा से." हिंदी मोडकी, पण कळत होती. सौदीत ड्रायव्हर होता तो, सकिनाने मागे सांगितलं होतं. म्हणाला, अम्मा बहुत बीमार. खाना बंद. सकिना को बुलाती है. "मॅडम, जल्दी भेजो."

मी म्हटलं, हां हां, मैं बोलती हूं उसको.

सकिना वर आली तेव्हा मी फोन ठेवत होते. कोणाचा फोन, तिने विचारलंही नाही. आमच्या घरी काम करते म्हणून तिने विचारायचं नसतं, हे तिचं तिनेच ठरवलेलं! मी पर्स उचलली आणि कुरुमला ऑफिसला परत गेले.

ऑडिट चालू आहे. सतीश दूर सलालाहला साइटवर, ईदलाच येणार. सकिना गेली तर यशूला कोण बघणार? चार वर्षांची पोर. हे कारण आहे. कारण तर आहेच.

१९ फेब्रुवारी

सतीशला फोनवर सांगितलं. "अगं, म्हातारी माणसं आजारी पडायचीच. पंधरा दिवसांवर ईद आलीय. तेव्हा सांग, मीच तिकीट काढतो तिचं." ऐकून बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून स्वतःचीच किळस आली.

जेवताना यशू मध्येच म्हणाली, "मम्मा, फोनवर यू सेड मैं बोलती हूं. टेल हर व्हॉट?" सकिना तिला भरवत होती. नथिंग बेटा, ईट.

सकिना म्हणाली, "खाओ खाओ, मम्मा थक गया."

२१ फेब्रुवारी

आज मीच विचारलं — तुझी अम्मा कशी आहे गं? का विचारलं असं? चोरासारखं!

सकिना बटाटे सोलत होती. एरवी दोन शब्दांत उत्तर देणारी, आज बोलतच सुटली. त्यांचं गाव पार वर, डोंगराच्या कुशीत. पायऱ्यापायऱ्यांची शेतं, त्यात बटाटा आणि कोबी. दुपारी ढग खाली उतरतात, समोरच्या शेतातला माणूस दिसत नाही, नुसत्या हाका ऐकू येतात. पंखा कोणाच्याच घरी नाही. पाऊस नसतो त्या महिन्यांत कधी रात्रीत बर्फासारखं दव पडतं आणि सगळं पीक काळं. मग अम्मा कोणाशी बोलत नाही, चुलीपुढे बसते, राखेत बटाटे पुरते आणि पोरांना बोलावते. फोन करायचा तर डोंगर उतरून खालच्या गावात जावं लागतं. सकिनाची मुलगी तिथेच शाळेत आहे, वसतिगृहात.

"अम्मा मेरे से भी जोरदार, मॅडम. कोबी का बोरी अकेला उठाती."

म्हणजे तिच्या डोक्यात अम्मा अजून पोती उचलते आहे. मी तिथून उठले. म्हटलं, चहा नको.

हारून डोंगर उतरून आला होता फोन करायला. आणि मी हां हां म्हटलं.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

मैत्रिणीकडे, माधवीकडे, बुद्धवंदना होती. पंचशील म्हणताना 'मुसावादा वेरमणी'ला आवाज फुटेना. माधवीने विचारलं, घसा बसला का गं? हो म्हटलं. खोटं न बोलण्याचं शील घेता घेता खोटं!

येताना गाडीत ठरवलं, आज सांगायचंच. घरी आले तर सकिनाने ईदच्या आधी म्हणून सगळे पडदे धुतलेले. यशू तिच्या मांडीवर झोपलेली.

उद्या.

२६ फेब्रुवारी

आजही नाही. ऑफिसात अहमद म्हणतो, "यल्ला स्नेहल, आणखी थोडे दिवस, मग ऑडिट खलास." मीही तेच म्हणते आहे स्वतःला.

१ मार्च, गुरुवार

पुन्हा फोन. मीच उचलला. आवाजावरून कळलं.

अम्मा गेली. काल पहाटे. काल दुपारीच माती दिली. हारून रागावला नाही, रडला नाही, एवढंच म्हणाला — "सकिना नहीं आई." मी सॉरी म्हटलं. त्याने फोन ठेवला.

सकिना गॅलरीत कपडे वाळत घालत होती. गाणं गुणगुणत होती तिच्या भाषेत.

माझे वडील, नाना, गेले तेव्हा सतीशने त्याच दिवशी माझं तिकीट काढलं होतं. मी वेळेवर पोचले. नानांचा हात गरम होता अजून. माझ्या नानांसाठी विमान होतं, तिच्या अम्मासाठी ऑडिट!

२ मार्च

सांगितलं. अर्धंच.

अम्मा गेली, काल हारूनचा फोन आला होता, एवढंच. पहिल्या फोनचं नाही.

ती आधी उभीच राहिली. मग ओट्याला धरून खाली बसली. यशूने जाऊन तिच्या गळ्यात हात घातले. मी लांब उभी. माझे हात कुठे ठेवावेत कळेना.

जराशाने म्हणाली, "शुक्रिया मॅडम. आप ने तुरंत बताया. इब्री में पहले जिस के घर काम किया, वो अर्बाब मेरे बाप का मौत एक महीना छुपाया."

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला.

४ मार्च

सतीश लवकर आला. दोघं तिला सीबला विमानतळावर सोडायला गेलो. पासपोर्ट आमच्या कपाटातून काढून तिच्या हातात दिला. तो आमच्या कपाटात का होता, हे आजवर कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

तिच्या मुलीसाठी स्वेटर घेतला, भावासाठी घड्याळ, खजूर, बदाम. बॅग इतकी भरली की चेन लागेना. सतीश म्हणाला, "पुरे आता, स्नेहल." त्याला कळलं होतं मी काय करत होते ते.

तिने वाकून यशूचा पापा घेतला. मला म्हणाली, मॅडम, मैं आएगी.

मी मनात म्हटलं, येऊ नकोस.

६ मार्च, ईद

घरात कोणी पडदे ओढले नाहीत दिवसभर.

१० मार्च

यशू विचारते, सकिना कधी येणार. सतीश म्हणतो, पहिल्या फोनचं हारून सांगणारच तिला, आपण दुसरी बाई बघून ठेवू. मीही आता तेवढंच धरून बसले आहे — ती चिडेल, शिव्या देईल, येणार नाही. सुटेन.

१७ मार्च, शनिवार

सकिनाचा फोन. म्हणाली, "मॅडम, हारून बोलता, पहला फोन आप ने उठाया था."

"मैं सब को बोला, मॅडम ने बताया था. मैं ही नहीं आई. अभी चाची लोग मेरे से बात नहीं करता."

का, सकिना? का सांगितलंस असं?

"सच बोलेगी तो हारून आप के पास वापस भेजेगा नहीं. बेटी का स्कूल का फीस है ना." मग विमानाची वेळ सांगितली, हळू, दोनदा, मी लिहून घ्यावी म्हणून. "एअरपोर्ट कौन आएगा, मॅडम?"

मी म्हटलं, मी येते.