परकोटाखालचे वाफे

अमरावती
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, सोमवार
ता. १४ डिसेंबर १९३१

चि. जयवंता हिस सासू मनकर्णेचे अनेक आशीर्वाद. मी इकडे बरी आहे. थंडीत गुडघा कुरकुरतो, तेवढंच. तिकडे अकोल्यास तू, तुझे बाबा भगवंतराव आणि आई खुशाल असाल.

माझा सहदेव शेवटचा बाजाराला गेला, त्या सकाळी तू मेथीच्या जुड्या बांधत होतीस. मी सडा टाकून चूल पेटवली होती आणि भाकरी थापत होते. सहदेव पागोटं गुंडाळता गुंडाळता तुला म्हणाला, "जुडी जराशी ढिली बांध वं, गिऱ्हाइकाले मोठी दिसते." तू म्हणालीस, "मंग तुमीच बांधा." मी दोघांवरही ओरडले, बाजाराची वेळ टळून राहिली आणि तुमचं काय चाललं म्हणून. बाकी त्या सकाळी काहीच झालं नाही. मला तीच आठवते. पुढच्या दोन दिवसांचं लिहीत नाही.

तुझी तिन्ही पत्रं पोचली. पहिलं आलं तेव्हा मला वाचता येत नव्हतं, आणि ते दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावं असंही वाटेना. सहदेवची पहिलीची पुस्तकं फडताळात होती. ती काढून अक्षराला अक्षर लावत बसले. तुझं पहिलं पत्र वाचायला मला चार महिने लागले, दुसऱ्याला आठ दिवस. तिसरं मात्र उभ्या उभ्या वाचलं आणि मग खाली बसले.

नांदगाव खंडेश्वरच्या माणसाशी तुझा पाट लावायचं तुझ्या बाबांच्या मनात आहे. आपल्यात विधवेचा पाट लागतो, पण सासरच्यांनी पंचांपुढे हरकत नाही म्हटल्याशिवाय नाही. आणि सासर म्हणून आता मी एकटीच उरले. तू लिहिलंस, "आत्याबाई, तुमी नाही म्हणाल तर मी जाणार नाही." त्याचं उत्तर या पत्रात आहे. पण आधी मला बागेचं सांगू दे. तू बी पाठवलं होतंस, त्याचाही हिशेब द्यायला हवा.

आपल्या गल्लीमागे, परकोटाच्या भिंतीबाहेर, म्युनिसिपालटीची पडीक जागा आहे ना? जिथून तू नाकाला पदर लावून जायचीस? सहदेव गेल्यावर आपला खंडानं घेतलेला मळा सुटला आणि माझ्या हाताला माती राहिली नाही. गेल्या वर्षीच्या कार्तिकात तिथं चुलीतली राख टाकायला गेले, तर उकिरड्यावर भोपळ्याचा वेल आपला आपण चढलेला आणि त्याला सात भोपळे. लावला कोणी नाही, पाणी कोणी घातलं नाही. मला राहवेना. दुसऱ्या दिवशी खुरपं घेऊन गेले.

शेजारची मैनाबाई भिंतीवरून ओरडली, "मनकर्णे, उकिरड्यात काय सोनं शोधून राहिली वं?"

मी म्हटलं, "खत शोधून राहिली. तुह्याच घरचं हाय, वीस वर्साचं."

चार दिवसांनी तीच कुदळ घेऊन आली. मग आणखी बाया आल्या. चैत्रात आम्ही अकरा जणींनी मिळून तिथली बुजलेली विहीर उपसली. दगड निघाले, फुटकी मडकी निघाली, एक अख्खा पलंगाचा पाय निघाला, आणि शेवटी पाणी. मैनाबाईनं लुगड्यासकट त्यात उडी मारली. आम्ही बाहेर काढेपर्यंत ती हसतच होती.

म्युनिसिपालटीचा माणूस आला. "सरकारी जागा हाय, कोणाले इचारलं?" मैनाबाई म्हणाली, "कचरा टाकला तवा आमी कोणालेच नव्हतं इचारलं. तवा काऊन नाही आला तुमी?" तो बिचारा मुळ्याची एक जुडी घेऊन गेला. नंतर कमलाकांत मास्तरांनी आमच्या नावानं अर्ज लिहिला आणि मंजुरी आली. मास्तरांच्या मागोमाग त्यांची बायको अनसूयाबाई आली. गोरी, नाजूक, कधी मातीत हात घातलेला नाही. पहिल्या दिवशी तिनं गवत समजून माझी सगळी गाजरं उपटली आणि गवत तेवढं ठेवलं.

आता तू येऊन पाहा. मेथी, सांबार (अनसूयाबाई त्याला कोथिंबीर म्हणते), वांगी, वाल. भिंतीच्या कडेनं झेंडू असा फुलला आहे की बाजारची माणसं वाट वाकडी करून येतात. जी राबते ती त्या दिवसाची भाजी ओच्यात घेऊन जाते.

मैनाबाईची भाची तुमच्या शेजारी आहे, तिच्याकडून तुला बागेचं कळलं, आणि तू दुसऱ्या पत्राबरोबर सरकारी शेतावरचं कांद्याचं बी पाठवलंस. ते मी भाद्रपद सरता सरता एका वाफ्यात दाट टाकलं आणि अनसूयाबाईकडे सोपवलं. तिच्या सोवळ्याच्या घरात कांदा येत नाही. ती म्हणायची, "घरात त्याला मज्जाव, म्हणून इथं त्याचे लाड करते." पाणी घालायची, बोटांनी कुरवाळायची.

परवा शनिवारी आम्ही रोप उपटून मोकळ्या वाफ्यांत लावायला बसलो, तर ही दोन्ही हात पसरून आडवी. "नका हो उपटू! किती हिरवं, किती दाट दिसतंय. आठ दिवस राहू द्या." मग कळलं, हे आठ दिवस ती पंधरा दिवसांपासून सांगत होती. मैनाबाईला एकदा अमावास्या सांगून परत पाठवलं, एकदा वारा फार आहे म्हणून, आणि एकदा तर मीच नको म्हटलं असं सांगून. मी वाकून पाहिलं. पाती लोळलेली, शेंडे पिवळे, माना दोऱ्यासारख्या बारीक.

माझा तोल गेला. "बाई, तुमी याले जीव लावला का याचा जीव घेतला? इथंच दाटीत ठेवलं त याले कांदा धरन का? तुमाले पाहाले बरं वाटते म्हणून ठेवलं. त्याच्यासाठी नाही ठेवलं."

तिचे डोळे भरले. "उपटलं की मरेल, असं वाटलं हो मला."

"नाही मरत. दोन दिवस मान टाकते, मंग उभं राहते."

एवढं बोलले आणि हातातल्या रोपाकडे पाहत बसले. मैनाबाई म्हणाली, "काय वं, दातखिळी बसली का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. मग विहिरीवर जाऊन पुष्कळ वेळ हात धूत राहिले.

जयवंता, तेराव्याच्या दिवशी मी तुला चार बायांपुढे बोलले, की तुझ्या पायगुणानं माझं घर बुडालं. ते खोटं होतं. बाजारातून येऊन सहदेव पोट धरून बसला तेव्हा तू म्हणालीस, "आत्याबाई, दवाखान्यात नेऊ." मी म्हणाले, ओव्याची फक्की देते, उद्या उतरेल. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. तूही सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर माझ्या त्या बोलण्याला तिथंच उत्तर झालं असतं.

आणि तू पाटानं गेलीस की सहदेवचं म्हणावं असं घरात कोणी उरणार नाही, म्हणून तिसरं पत्र मी दोन महिने डब्यात ठेवलं. तू तर केव्हाची माहेरी गेलेली, तरी ठेवलं.

शनिवारी सगळं रोप लावून झालं. अनसूयाबाईनंही कासोटा खोचून एक ओळ लावली. मैनाबाई म्हणाली, "हे ओळ हाय का नागोबा?" तरी आम्ही ती तशीच ठेवली. उद्या चंपाषष्ठी. बागेतच गोवऱ्यांवर रोडगे भाजणार, आपल्या वांग्यांचं भरीत करणार. अनसूयाबाई भरितात कच्चा कांदा घालून खाणार आहे. मास्तरांना माहीत आहे, तिच्या सासूला नाही.

कांदा फाल्गुनात-चैत्रात निघेल. तेव्हा ये. एकटी येऊ नकोस, नांदगावच्या त्यालाही घेऊन ये. संत्र्याची बाग आहे म्हणतात त्याची, तर माती त्याला कळत असेल. या पत्रावर तुझ्या नावाआधी नुसतं चि. आहे. सौ. कसं लिहितात ते मी अनसूयाबाईकडून शिकले आणि पाटीवर गिरवलं आहे. चांगलं येतं.

शनिवारचं हे असं झालं. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी पंचांतले वडीलधारे किसनराव यांच्या ओसरीवर गेले. पाचही जण बसले होते. माझ्या सुनेच्या पाटाला माझी हरकत नाही असं सांगितलं, आणि कागदावर अंगठा न लावता सही केली.

सहदेवची आई
मनकर्णा